वाचकांचे प्रश्न : माधव गाडगीळांची नोंद सुधारताना

गेल्या अंकात मी मराठी विकिपीडियावरच्या चरित्रनोंदींबद्दल लिहिलं होतं. आपल्याकडच्या अभ्यासकांच्या बऱ्याच नोंदी जन्म, शिक्षण आणि पुरस्कार यांवरच थांबतात, ही माझी तक्रार होती. धोरणाच्या अभ्यासकाची नोंद तर अशी लिहिणं म्हणजे त्याचं कामच गाळून टाकणं. उदाहरणासाठी मी माधव गाडगीळांचं नाव घेतलं आणि वाचकांना विनंती केली, की त्यांच्या नोंदीतला एखादा भाग आपापल्या धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) नव्याने लिहून पाहा आणि अडलं तर विचारा. पत्रं भरपूर आली. त्यातली निवडक इथे घेते आहे. नावं छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न : ताई, मी माध्यमिक शाळेत शिकवते. नववीच्या मुलांकडून नोंदीची सुरुवात लिहून घेतली. सगळ्यांनी मिळून हे तयार केलं : ‘डॉ. माधव गाडगीळ हे जागतिक कीर्तीचे थोर पर्यावरणतज्ज्ञ असून पर्यावरण रक्षणासाठी त्यांनी मोलाचे योगदान दिले. पद्मश्री, पद्मभूषण यांसह अनेक पुरस्कारांनी त्यांना गौरवण्यात आले.’ मुलं खूश आहेत. मला मात्र काहीतरी कमी वाटतंय, आणि ते काय हे सांगता येत नाही. (सावंतवाडी)

उत्तर : बाई, तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. या दोन वाक्यांतून गाडगीळांनी काय केलं ते कळत नाही. नाव बदलून दुसऱ्या कुणा पर्यावरणतज्ज्ञाचं घातलं तरी वाक्यं तशीच चालतील. मी कोशाच्या संपादनात नोकरी केली. तिथे आमचे प्रमुख संपादक नोंद हातात घेतली की आधी लाल पेन्सिलीने विशेषणं खोडायचे. मग उरलेलं वाचून लेखकाला विचारायचे, ‘आता सांगा, या माणसाला काय सापडलं?’ तोच प्रश्न मुलांना विचारा.

गाडगीळांना काय सापडलं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण बांबूचं आहे. १९७०च्या दशकात कर्नाटकातल्या जंगलांतला बांबू झपाट्याने कमी होत होता. कागद गिरण्यांना तो सरकारकडून नाममात्र दराने मिळे आणि टोपल्या-सुपं विणणाऱ्यांना मात्र बाजारभावाने घ्यावा लागे. बांबू संपण्याचा ठपका गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर यायचा. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष बेटांपाशी गेले. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. तोडणी सोपी व्हावी म्हणून ते जाळं साफ केलं जात होतं. ते गेलं की नवे कोवळे कोंब उघडे पडत आणि जनावरं ते खाऊन टाकत. मग नवा बांबू वर येणार कुठून? काट्यांचं महत्त्व गावच्या लोकांना ठाऊक होतं. गाडगीळांनी त्यांचं ऐकलं, मोजमाप करून पाहिलं आणि सरकारपुढे मांडलं.

हा प्रसंग नोंदीत चार ओळींत बसतो. पण त्या चार ओळी वाचलेल्याला पुढचं सगळं आयुष्य कळायला लागतं. हा माणूस १९६९मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. पुढच्याच वर्षी विल्यम बॉसर्ट यांच्याबरोबर त्याने सजीवांच्या आयुष्यक्रमाच्या उत्क्रांतीवर जो गणिती निबंध लिहिला, तो त्या विषयात आजही पायाभूत मानला जातो. असा गणितात मुरलेला शास्त्रज्ञ पुढे ‘ग्रामसभेला विचारा’ हे इतक्या आग्रहाने का सांगू लागला, त्याचं मूळ बांबूच्या त्या बेटांत आहे. नोंदीने हा धागा दाखवलाच पाहिजे.

आता सुरुवात कशी करायची? पहिल्या वाक्यात पूर्ण नाव, २४ मे १९४२ ही जन्मतारीख, पुणे हे जन्मस्थान आणि ‘परिसरशास्त्रज्ञ’ ही ओळख. दुसऱ्यात बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं काम. १९७३पासून ते तिथे होते आणि १९८३मध्ये परिसरशास्त्राचं स्वतंत्र केंद्र त्यांनी उभं केलं. तिसऱ्यात धोरणावरचे ठसे : देशातलं पहिलं जीवावरण राखीव क्षेत्र म्हणजे १९८६चं निलगिरी, २००२चा जैवविविधता कायदा आणि पश्चिम घाटाची समिती. चौथ्यात त्यांची भूमिका, कुणालाही समजेल अशा शब्दांत : निसर्गाच्या रक्षणाचे निर्णय त्या निसर्गावर जगणाऱ्या लोकांना बरोबर घेऊनच व्हायला हवेत. एवढ्यात प्रस्तावना पुरी होते.

पुरस्कारांना शेवटी एक परिच्छेद द्या, सालांसह : पद्मश्री १९८१, भटनागर पुरस्कार १९८६, व्होल्व्हो पर्यावरण पुरस्कार २००३, पद्मभूषण २००६, टायलर पुरस्कार २०१५ (जेन लुबचेंको यांच्याबरोबर विभागून), आणि २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ सन्मान. मुलांनी नावं पाठ केली असतील, त्यांना आता सालं शोधायला लावा. शोधता शोधता कुठला सन्मान कुठल्या कामानंतर आला, हे त्यांच्या आपोआप लक्षात येईल.

प्रश्न : पश्चिम घाट समितीबद्दल लिहितोय. समितीने किती टक्के भाग संवेदनशील ठरवला, यावर प्रत्येक वर्तमानपत्रात वेगळा आकडा दिसतो : ६४, ७५, कुठे तर अख्खा घाट. गाडगीळ अहवालाच्या फेरविचारासाठी नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीचा मात्र सगळीकडे ३७ टक्के. मी ‘६४वरून ३७वर आणले’ असं लिहिलं, तर मित्र म्हणतो तेही चूक आहे. शिवाय हा भाग एवढा मोठा झालाय की बाकी नोंद त्यात बुडून जाते. काय करू? (पुणे, महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : तुझा मित्र योग्य ठिकाणी बोट ठेवतो आहे. जरा सविस्तर सांगते, कारण गाडगीळांच्या नोंदीतला सगळ्यात जास्त वाचला जाणारा भाग हाच आणि गोंधळही इथेच सगळ्यात जास्त.

आधी घटनाक्रम लाव. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१०मध्ये गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समिती नेमली. तेव्हा मंत्री जयराम रमेश होते. समितीने ऑगस्ट २०११मध्ये अहवाल दिला. त्यानंतर कित्येक महिने तो लोकांसमोर आलाच नाही. केरळातल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२मध्ये तो खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे मे महिन्यात हरलं, आणि मग अहवाल संकेतस्थळावर आला. हा तपशील गाळू नकोस. ग्रामसभांनी वाचून चर्चा करावी म्हणून लिहिलेला अहवाल लोकांच्या हातात यायला न्यायालयाची पायरी चढावी लागली, हे वाचकाला कळायलाच हवं. त्यात तुझं एकही विशेषण लागत नाही. तारखा पुरेशा आहेत.

आता टक्के. गाडगीळ समितीने संपूर्ण पश्चिम घाट परिसर-संवेदनशील मानावा असं म्हटलं आणि मग त्याचे तीन विभाग पाडले. पहिल्यात सर्वांत कडक बंधनं, तिसऱ्यात सर्वांत सैल. म्हणून जो तिन्ही विभाग धरतो तो ‘अख्खा घाट’ लिहितो आणि जो फक्त वरच्या विभागांची बेरीज करतो त्याचा आकडा कमी येतो. नुसता टक्का लिहून उपयोग नाही. कुठले विभाग धरून तो काढला आहे, ते त्याच वाक्यात आलं पाहिजे.

दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. दोन्ही समित्यांनी ज्याला ‘पश्चिम घाट’ म्हटलं, तो प्रदेशच एक नव्हता. गाडगीळ समितीच्या सीमेत सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर येतात. ऑगस्ट २०१२मध्ये नेमलेल्या आणि एप्रिल २०१३मध्ये अहवाल दिलेल्या कस्तुरीरंगन गटाच्या सीमेत सुमारे १ लाख ६४ हजार. तेव्हा ३७ टक्के हे मोठ्या क्षेत्राचे ३७ टक्के आहेत, म्हणजे साधारण ६० हजार चौरस किलोमीटर. ‘६४वरून ३७’ या वाक्यात भाजक बदललेला आहे, म्हणून ते टिकत नाही. दोन्ही ठिकाणी चौरस किलोमीटर लिही आणि सीमा वेगळ्या होत्या हे एका वाक्यात सांग.

रीतही वेगळी होती. गाडगीळ समितीने साधारण नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखून प्रत्येकाला परिसराच्या महत्त्वाप्रमाणे गुण दिले आणि विभाग तालुक्यांच्या पातळीवर सुचवले. कस्तुरीरंगन गटाने उपग्रहचित्रांवरून ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ असा भूभाग वेगळा केला (सांस्कृतिक म्हणजे वस्ती, शेती, मळे) आणि संवेदनशील क्षेत्र मुख्यतः नैसर्गिक भागातून काढून गावांची यादी दिली. तालुका की गाव, या प्रश्नावर पुढे बरंच रान उठलं, म्हणून एवढं लिहावंच लागेल.

त्यानंतरचं थोडक्यात आटप. केंद्राने मार्च २०१४मध्ये संवेदनशील क्षेत्राची पहिली मसुदा अधिसूचना काढली, तिची मुदत संपली, पुन्हा काढली, पुन्हा संपली. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४चा आहे. त्यात सहा राज्यांतलं सुमारे ५६ हजार ८०० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे.

त्याच्या आदल्याच दिवशी, ३० जुलैला, वायनाडमध्ये दरड कोसळली. दहा वर्षांपूर्वी याच तारखेला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं होतं. या दोन तारखा शेजारी ठेवून ‘गाडगीळांनी आधीच भाकीत केलं होतं’ असं लिहायचा मोह होतो, आणि तो मला पूर्ण समजतो. माझं माहेर चिपळूण तालुक्यातलं. पावसाळ्यात डोंगराकडे बघत झोपणारी माणसं माझ्या घरची आहेत. तरीही नोंदीत तसं लिहू नकोस. जे कागदावर आहे तेवढंच लिही : अहवालाने वायनाडमधला वैथिरी तालुका पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक विभागात ठेवला होता आणि दुर्घटनेनंतर अहवालाची चर्चा पुन्हा सुरू झाली. दरड का कोसळली याचा निवाडा भूशास्त्रज्ञांच्या अभ्यासावर सोपव आणि त्याच अभ्यासाचा दाखला दे. वाचकाला दोन गोष्टी जोडता येतात.

राहिला आकाराचा प्रश्न. समितीची स्वतंत्र नोंद कर. चौकोन, विभाग, मसुदे हे सगळं तिकडे जाऊ दे. चरित्रात दोन परिच्छेद ठेव आणि तिकडे दुवा दे. चरित्रातल्या परिच्छेदांत गाडगीळ दिसले पाहिजेत. उदाहरणार्थ, मे २०१३मध्ये त्यांनी कस्तुरीरंगन यांना खुलं पत्र लिहिलं. आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांना भूमिका असू शकत नाही, या अर्थाची मांडणी त्यांना त्या गटाच्या अहवालात दिसली आणि त्यांनी ती जाहीरपणे नाकारली. हे पत्र चरित्राचा भाग आहे.

प्रश्न : आमचं गाव राधानगरीकडचं. नोंदीत ‘राजकारण्यांनी आणि खाणमालकांनी विरोध केला’ एवढंच असतं. विरोध आम्हीही केला होता. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, घर बांधायला आणि विहीर खणायला बंदी येणार असं सांगितलं गेलं. आम्ही खाणमालक नाही. आमचं म्हणणं कुठे लिहायचं? (कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : दादा, तुमचं म्हणणं नोंदीत यायलाच हवं, आणि ते तुमच्या वतीने छापून आलेल्या मजकुराच्या आधारे यायला हवं. ग्रामपंचायतींचे ठराव, त्यांच्या बातम्या, जनसुनावणीचे वृत्तांत, शेतकरी संघटनांची निवेदनं. यातलं जे प्रसिद्ध झालं आहे ते नोंदीत वापरता येतं. तुमच्या भागातल्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांत हे नक्की सापडेल, आणि ते शोधायला तुमच्याइतकं जवळचं कुणी नाही.

केरळात हा विरोध सगळ्यात तीव्र होता. २०१३च्या अखेरीस इडुक्की आणि वायनाडमध्ये हरताळ झाले. डोंगरावर लहान लहान मळे कसणारी कुटुंबं आणि त्यांच्यामागे उभी राहिलेली तिथली चर्च त्यात पुढे होती. जमीन जाईल, घर उठेल ही भीती खरी होती. भीती खरी होती असं लिहिणं आणि अहवालात तसं लिहिलं होतं असं म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीने दोन्ही नीट मांडाव्यात.

अहवालात काय होतं? तिन्ही विभागांत नवी विशेष आर्थिक क्षेत्रं नकोत, नवी थंड हवेची ठिकाणं नकोत, सार्वजनिक जमीन खाजगी करू नका अशा शिफारशी होत्या. पहिल्या दोन विभागांत नव्या खाणींना परवानगी नको, असंही होतं. शेतकऱ्याला रासायनिक शेतीकडून सेंद्रिय शेतीकडे जायला आर्थिक मदत द्यावी हेही होतं. आणि हे विभाग म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, गावांशी बोलून ते पक्के करावेत, असं समितीनेच स्पष्ट लिहिलं होतं. तुम्हाला कुणी विचारलं नाही, ही तुमची तक्रार आणि गावाला विचारा, हा अहवालाचा आग्रह एकाच नोंदीत शेजारी यायला हवेत. अहवाल इंग्रजीत होता आणि तो गावोगावी आपापल्या भाषेत पोचावा ही मागणी गाडगीळ स्वतः वर्षानुवर्षं करत राहिले. मधल्या काळात तुमच्यापर्यंत जे पोचलं ते अहवालाचं कुणीतरी सांगितलेलं रूप होतं. याला मी गाडगीळांच्या आयुष्यातली मोठी शोकांतिका मानते. पण हे माझं मत आहे, ते या सदरात शोभतं. नोंदीत घालू नका.

‘राजकारण्यांनी विरोध केला’ हे वाक्य खोडून तिथे तीन वाक्यं लिहा : कुणी, कुठे, कोणत्या कारणाने. राज्य सरकारं, उद्योग आणि शेतकरी यांची कारणं वेगवेगळी होती. ती एका पोत्यात भरली की तुमच्यावर अन्याय होतो.

प्रश्न : ‘गाडगीळ समिती’ असा शोध घेतला की बँकांबद्दलची माहिती येते. हे कोणते गाडगीळ? (नाशिक)

उत्तर : ते वडील. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक आणि पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते. १९६९मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाच्या शिफारशींतून अग्रणी बँक योजना (प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे) आली, आणि राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचं ‘गाडगीळ सूत्र’ही त्यांचंच. काकासाहेब गाडगीळ हे राजकारणातले आणि गंगाधर गाडगीळ हे कथालेखक आणखी निराळे. ‘गाडगीळ समिती’ या नावाचं एक निःसंदिग्धीकरण पान (एकाच नावाच्या वेगवेगळ्या नोंदींकडे वाट दाखवणारं पान) करा आणि वडिलांच्या व मुलाच्या समित्यांचे दुवे तिथे द्या. दहा मिनिटांचं काम आहे आणि शेकडो वाचकांची पायपीट वाचेल.

प्रश्न : गाडगीळ आमच्या भागात आले होते तेव्हा मी त्यांचं भाषण ऐकलं आणि फोटोही काढला. त्यांनी सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी कुठेच छापलेल्या नाहीत. त्या घालू का? आणि गोव्यातल्या खाणी त्यांच्या अहवालामुळे बंद झाल्या, हे लिहू ना? (डिचोली, गोवा)

उत्तर : फोटो जरूर चढवा. तो तुम्ही काढला आहे, त्याचा हक्क तुमचा आहे, मुक्त परवान्याखाली द्या आणि ठिकाण व तारीख लिहा. वर्तमानपत्रातला फोटो मात्र कापून चढवू नका.

ऐकलेल्या गोष्टी नोंदीत घालता येणार नाहीत. वाचकाला त्या पडताळून पाहता येत नाहीत. पण त्या वाया घालवू नका. एखाद्या मासिकासाठी आठवणींचा लेख लिहा. आमच्याकडेही पाठवा. तो छापून आला की दुसऱ्या कुणाला त्याचा दाखला देता येईल.

खाणींचं वाक्य लिहू नका. गाडगीळ समितीने गोव्यात पहिल्या दोन विभागांत नव्या खाणपरवानग्या थांबवाव्यात आणि पहिल्या विभागातल्या चालू खाणी २०१६पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात असं सुचवलं होतं. हे बरोबर. पण २०१२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं ते बेकायदा खाणींवरच्या न्यायमूर्ती शाह आयोगाच्या अहवालानंतर. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी गाजल्या म्हणून लोकांच्या मनात त्या मिसळल्या आहेत. नोंदीत त्या वेगळ्या ठेवा. गाडगीळांच्या पदरात जे काम आहे तेच पुष्कळ आहे, दुसऱ्याचं घालायची गरज नाही.

प्रश्न : मी अमेरिकेत असते. गाडगीळांवर लिहिणारे बरेच आहेत, म्हणून मी एलिनॉर ऑस्ट्रॉम निवडल्या. इंग्रजी नोंदीचा यंत्राने अनुवाद करून मग भाषा सुधारली तर चालेल ना? (न्यू जर्सी)

उत्तर : निवड फार आवडली. परवान्याच्या दृष्टीने अनुवाद चालतो, फक्त संपादनाच्या सारांशात मूळ नोंदीचा दुवा द्यायला विसरू नका. पण मी तुमच्या जागी असते तर अनुवाद केला नसता. अमेरिकन वाचकाला जे सांगावं लागत नाही ते मराठी वाचकाला सांगावं लागतं, आणि उलटही.

‘अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री’ हे २००९चं वाक्य सुरुवातीला येणारच, यायलाही हवं. त्याला लागूनच त्यांना काय सापडलं ते लिहा. गॅरेट हार्डिन यांनी १९६८मध्ये मांडलं होतं की सामायिक कुरण सगळ्यांचं असतं म्हणून प्रत्येक जण ते ओरबाडतो आणि शेवटी ते उजाड होतं. उपाय म्हणून लोक दोनच सांगत : सरकारी ताबा किंवा खाजगी मालकी. ऑस्ट्रॉमबाईंनी १९६५च्या आपल्या प्रबंधातच दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूजलाचा अभ्यास केला होता. पाणी उपसणारे एकत्र बसून नियम कसे करतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. पुढे स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची गावरानं, स्पेनचे पाट, फिलिपिन्सच्या सिंचनसंस्था यांचे दाखले जमवून त्यांनी १९९०मध्ये दाखवून दिलं की लोक सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात. कुठे जमतं आणि कुठे फसतं, यावरून त्यांनी आठ तत्त्वं काढली. सीमा स्पष्ट हव्यात, नियम करताना ते पाळणाऱ्यांना आवाज हवा, देखरेख आपल्यातल्यांची हवी, चुकणाऱ्याला शिक्षा पायरीपायरीने हवी, ही त्यातली काही.

हे वाचताना धुळे-नंदुरबारच्या वाचकाला फड पद्धतीचं पाणीवाटप आठवेल आणि गडचिरोलीच्या वाचकाला आपलं जंगल ग्रामसभेतून सांभाळणारं मेंढा-लेखा गाव. त्या नोंदींना ‘हेही पाहा’मध्ये दुवा द्या. ऑस्ट्रॉमबाईंनी त्यांचा अभ्यास केला होता असं मात्र सुचवू नका.

प्रश्न : मी देवरायांबद्दल एक परिच्छेद घातला होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो काढून टाकला. ‘संदर्भ नाही’ एवढंच लिहिलं होतं. फार वाईट वाटलं. पुन्हा घालू का? (चिपळूण)

उत्तर : माझ्याच तालुक्यातलं पत्र. वाईट वाटणं अगदी साहजिक आहे. आमच्या गावच्या देवीच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. ती राई नोंदीतून कुणी काढली असती तर मलाही लागलं असतं.

परिच्छेद तसाच परत घालू नका. मग तो माणूस परत काढेल आणि दोघांचाही वेळ जाईल. काढलेला मजकूर पानाच्या इतिहासात सुरक्षित असतो. तो तिथून उचलून चर्चापानावर ठेवा आणि विचारा, ‘यातल्या कोणत्या विधानाला संदर्भ हवा?’ तुम्ही पाठवलेला परिच्छेद मी वाचला. त्यातलं पहिलं वाक्य, ‘देवरायांचे महत्त्व जगाला सर्वप्रथम गाडगीळांनी सांगितले’, ते सोडून द्या. देवराया राखणारे राखतच होते आणि त्यांच्याबद्दल लिहिणारेही आधी होऊन गेले. गाडगीळ अमेरिकेहून १९७१मध्ये परतले आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत त्यांची वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याशी गाठ पडली. दोघांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या. पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा त्यांचा निबंध १९७६मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात आला. जिथे बाकी जंगल गेलं तिथे या राया जुन्या वनस्पतींचा शेवटचा आसरा होत्या, हे त्यात नोंदींसह आलं आहे. एवढं लिहा, त्या निबंधाचा दाखला जोडा, आणि वर्तकांचं नाव गाळू नका. कित्येक ठिकाणी ते गाळलेलं मी पाहिलं आहे.

तुमच्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य, गावच्या देवराईचं क्षेत्र आणि तिथली झाडं, ते गाडगीळांच्या नोंदीत बसत नाही. तुमच्या पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडं-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या लोकांच्या माहितीची वही) केली असेल तर ती पाहा. २००२च्या कायद्याने प्रत्येक पंचायतीत अशी समिती आणि अशी वही असायला हवी, आणि ही कल्पना रुजवण्यात गाडगीळांचा मोठा वाटा होता. वहीत देवराईची नोंद असेल तर गावाच्या पानावर ती घाला. नसेल तर येत्या ग्रामसभेत विषय काढा.